पाव स्वस्त कुणी केला?

१० जून १८४५. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये चार्ल्स व्हिलियर्स नावाच्या खासदाराचा ठराव मतदानाला आला. परदेशी धान्यावरची जकात रद्द करा, एवढीच मागणी. हा गृहस्थ १८३८ पासून वर्षामागून वर्ष हीच मागणी घेऊन उभा राहायचा आणि हरायचा. त्या दिवशीही हरला. बाजूने १२२, विरोधात २५४.

१५ मे १८४६. तेच सभागृह, तीच मागणी, आता सरकारी विधेयकाच्या रूपात. बाजूने ३२७, विरोधात २२९.

मधल्या अकरा महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. १८४१ साली निवडून आलेलीच बहुतेक माणसं त्याच बाकांवर बसली होती. अर्थशास्त्रात कुठला नवा शोध लागला नव्हता. तरी ज्या सभागृहाने १३२ मतांच्या फरकाने 'नाही' म्हटलं होतं, त्यानेच ९८ मतांच्या फरकाने 'हो' म्हटलं.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. कालपर्यंत एक उत्तर देणारा प्रोग्राम आज वेगळं उत्तर द्यायला लागला, तर काल आणि आज यांच्यात काय बदललं ते शोधायचं. जे बदललेलंच नाही, त्याला दोष द्यायचा नाही आणि श्रेयही द्यायचं नाही. हा नियम धान्य कायद्यांच्या, म्हणजे 'कॉर्न लॉज'च्या गोष्टीला लावून बघा. आपल्याला ही गोष्ट जशी सांगतात तशी ती मग उरत नाही.

सांगतात दोन प्रकारे. पहिला प्रकार अर्थशास्त्राच्या चाहत्यांचा: मुक्त व्यापार चांगला असतो हे रिकार्डोसारख्यांनी सिद्ध केलं, हळूहळू ते सगळ्यांना पटलं आणि वाईट कायदा गेला. दुसरा प्रकार कनवाळू लोकांचा: आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, माणसं मरायला लागली, पंतप्रधान रॉबर्ट पीलचं मन द्रवलं आणि त्याने धान्याची दारं उघडली. एकात बुद्धी जिंकते, दुसऱ्यात करुणा. दोन्ही ऐकायला बरं वाटतं. आणि मला वाटतं, दोन्ही गोष्टी आपल्याला शहाणपणाने गप्प बसायला शिकवतात.

कायदा होता काय?

'कॉर्न' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मका येतो. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे एकूणच धान्य, मुख्यतः गहू. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात बाहेरून धान्य येणं अवघड झालं, गव्हाचे भाव चढले, पडीक जमिनी नांगराखाली आल्या आणि जमिनीचे खंड वाढले. १८१५ मध्ये युद्ध संपलं. आता स्वस्त परदेशी गहू येणार आणि वाढलेले खंड खाली येणार, या भीतीने जमीनदारांच्या संसदेने कायदा केला: देशातला गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात विकायला बंदी. क्वार्टर हे माप. त्यात साधारण २१८ किलो गहू बसतो.

कायदा मंजूर होत होता तेव्हा लंडनमध्ये दंगे झाले, मंत्र्यांच्या घरांवर हल्ले झाले आणि संसदेभोवती सैन्य उभं करावं लागलं. हा कायदा कुणासाठी आहे हे लोकांना पहिल्या दिवसापासून कळत होतं.

१८२८ मध्ये बंदी जाऊन सरकती जकात आली. देशात गहू स्वस्त असेल तर परदेशी गव्हावर जकात भारी, महाग होत जाईल तशी जकात कमी. भाव ७३ शिलिंगांवर गेला की ती नाममात्र १ शिलिंग. कागदावर हुशार योजना. प्रत्यक्षात व्यापारी आयात केलेला माल गोदामात दाबून बसायचे. भाव चढला की जकात पडणार आणि विक्रीचा दरही चांगला मिळणार, मग आधी कोण विकेल? भाव स्थिर ठेवायला केलेली यंत्रणा भाव चढायची वाट बघायला शिकवत होती. १८४२ मध्ये पीलने ही जकात बरीच खाली आणली, पण मोडली नाही.

फायदा कुणाला? शेतात राबणाऱ्या मजुराला नव्हे. त्याला स्वतः पिकवलेल्या गव्हाचा पाव विकत घ्यावा लागायचा आणि तो महाग होता. कुळाला थोडाफार, पण भाव चढला की खंडही चढायचा. शेवटी पैसा पोहोचायचा जमिनीच्या मालकाकडे. आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तोच बसलेला, हाउस ऑफ कॉमन्समध्येही बव्हंशी त्याचाच मुलगा, भाऊ, जावई. १८३२ च्या सुधारणेपर्यंत मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता. सुधारणेनंतर दोन मिळाले. तरी इंग्लंडातल्या प्रौढ पुरुषांपैकी पाचातल्या एकाच्या आसपासच मत होतं. बायकांना अर्थातच नव्हतं. ज्यांच्या पोटावर हा कायदा बसला होता, त्यांतल्या बहुतेकांना त्याच्याविरुद्ध मत देण्याची सोयच नव्हती.

युक्तिवाद जुनाच होता

डेव्हिड रिकार्डोने या कायद्याविरुद्धचा निबंध लिहिला तो १८१५ मध्ये, म्हणजे कायदा झाला त्याच वर्षी. म्हणणं असं: धान्य महाग झालं की मजुराला जगवायला मजुरी वाढवावी लागते, मजुरी वाढली की कारखानदाराचा नफा घटतो, आणि वाचलेलं सगळं खंडाच्या रूपाने जमीनदार घेऊन जातो. त्याच वर्षी माल्थसने उलट बाजू मांडली. म्हणजे वाद पहिल्याच वर्षी पूर्ण मांडून झाला होता. १८२० मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी मुक्त व्यापारासाठी संसदेकडे अर्ज केला. रिकार्डो तर १८१९ पासून १८२३ मध्ये मरेपर्यंत खासदार होता; आयर्लंडमधल्या पोर्टारलिंग्टन नावाच्या मूठभर मतदारांच्या जागेवरून तो निवडून आला होता. सभागृहाने त्याचं आदराने ऐकून घेतलं. कायदा राहिला.

तीस वर्षं युक्तिवाद तोच होता. मग तो १८४६ मध्येच का चालला?

युक्तिवादाला काहीच किंमत नव्हती असं मी म्हणत नाही. पीलला तो पटत गेला होता. १८४२ मध्ये त्याने प्राप्तिकर पुन्हा आणला, वर्षाला १५० पौंडांवर कमावणाऱ्यांना पौंडामागे ७ पेन्स, आणि त्या जोरावर शेकडो वस्तूंवरच्या जकाती कमी केल्या. तिजोरी बुडाली नाही. त्यामुळे जकात कमी केली तर राज्य चालणार कसं, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात आकड्यांत होतं. १८४५ च्या मार्चमधला एक प्रसंग नेहमी सांगतात. विरोधी बाकांवरून रिचर्ड कॉबडेन धान्य कायद्यांवर बोलला. ऐकता ऐकता पीलने हातातली टिपणं चुरगाळली आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाला की याला उत्तर तूच दे, मला देता येत नाही.

गोष्ट इथे संपवतात. पुढचं सांगत नाहीत. मार्चमध्ये ज्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्या पीलने जूनमध्ये व्हिलियर्सच्या ठरावाविरुद्धच मत दिलं. पटलं होतं, तरी विरोधात मत दिलं. पटणं आणि करणं यांच्यामध्ये केवढं अंतर असतं याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मग बटाटा?

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडच्या बटाट्यावर करपा आला. आपल्याकडचे बटाटा-टोमॅटोवाले ज्याला करपा म्हणतात त्याच कुळातला हा रोग. जमिनीतलं पीक काळं पडून कुजतं. आयर्लंडच्या लाखो गरिबांचं जेवण म्हणजे बटाटा आणि बटाटाच.

मधल्या काळात बदललेली ही एक गोष्ट नक्कीच आहे. पण कारण म्हणून ती तपासून बघू.

आयर्लंडचा गरीब बटाटा खायचा आणि गहू-ओट पिकवून खंड भरायचा. ते धान्य बोटीत बसून इंग्लंडला जायचं. म्हणजे आयर्लंड हा धान्य विकणारा देश होता आणि धान्य कायद्यांमुळे त्याच्या धान्याला इंग्लंडात उलट चढा भाव मिळत होता. बटाटा गेल्यावर त्या माणसाकडे गहू घ्यायला पैसेच नव्हते. जकात शून्य झाली म्हणून रिकाम्या खिशाला गहू परवडत नाही.

शिवाय नुसती भूकच भागवायची असती तर जकात काही महिन्यांसाठी स्थगित करता आली असती. बंदरं तात्पुरती उघडण्याचा प्रस्ताव पीलने नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळापुढे ठेवलाही. पण त्याचवेळी त्याला कळत होतं की एकदा उठवलेली जकात पुन्हा बसवणं आता कुणालाच जमणार नाही. म्हणून तो कायमच्या रद्दीकडे गेला. आणि ती रद्दीही अशी की जकात टप्प्याटप्प्याने कमी होत १ फेब्रुवारी १८४९ ला १ शिलिंगावर येणार. सर्वांत भयंकर वर्ष ठरलं १८४७. त्या वर्षी जानेवारीत उरलेली जकात वेगळा निर्णय घेऊन स्थगित करावी लागली. घराला आग लागली म्हणून तीन वर्षांच्या हप्त्यांवर कुणी बंब मागवत नाही.

आयर्लंडसाठी पीलने खरोखर केलं ते वेगळंच होतं. त्याने गुपचूप अमेरिकेतून सुमारे १ लाख पौंडांचा मका मागवला आणि तो सरकारी कोठारांतून कमी भावात विकला. त्या पहिल्या हंगामात त्याने माणसं वाचवली. पण हा मुक्त व्यापार नव्हे. सरकारने बाजारात उतरून धान्य विकत घेणं, हे मुक्त व्यापारवाल्यांच्या पोथीत पापच.

करपा खोटा नव्हता, पीलची काळजीही खोटी नव्हती. पण करप्याने दिली ती वेळ. कारण त्याआधीच तयार होतं.

तयार कुणी केलं?

मँचेस्टरमध्ये. १८३८ मध्ये तिथे धान्य कायद्यांविरुद्ध संघटना निघाली, पुढच्या वर्षी तिची देशव्यापी लीग झाली. पुढारी रिचर्ड कॉबडेन, छापील कापडाचा कारखानदार. आणि जॉन ब्राइट, रॉचडेलचा गिरणीमालक.

लीगने काय केलं ते नीट बघा, कारण ते आजही ओळखीचं वाटेल. जानेवारी १८४० मध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र पाठवायची सोय झाली. लीगने तिचा इतका वापर केला की पत्रकं लाखोंनी घराघरांत पडू लागली. पगारी वक्ते गावोगाव फिरले. वर्गण्यांची लक्ष्यं जाहीर झाली: आधी ५० हजार पौंड, मग १ लाख, आणि १८४५ च्या अखेरीस अडीच लाख. बायकांना मत नव्हतं, पण लीगचे भव्य बाजार त्यांनी उभे केले आणि पैसा जमवला.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम कंटाळवाणं होतं: मतदारयाद्या. लीगचे वकील दरवर्षी याद्या तपासायचे, विरोधकांच्या नावांवर हरकती घ्यायचे, आपल्या माणसांची नावं घालायचे. परगण्यांमध्ये वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन किंवा घर मालकीचं असेल तर मत मिळायचं. ही तरतूद जुनी होती आणि जमीनदारांच्या कामी येत होती. लीगने आपल्या समर्थकांना सांगितलं, छोट्या मिळकती विकत घ्या आणि मतदार व्हा. मतदारसंघामागून मतदारसंघ जमीनदारांच्या हातून निसटण्याची शक्यता दिसायला लागली. पुढची निवडणूक कायद्याने १८४८ च्या आत व्हायलाच हवी होती. ती महाग पाव विरुद्ध स्वस्त पाव या एकाच प्रश्नावर लढली जाणार होती आणि वर आयर्लंडमध्ये माणसं मरत असणार होती.

पीलला हे दिसत होतं. १८४२ मध्ये उत्तर इंग्लंडात गिरण्यांच्या बॉयलरचे बूच काढून मजुरांनी केलेला प्रचंड संप त्याने पाहिला होता. सगळ्या पुरुषांना मत मागणारे चार्टिस्ट रस्त्यावर होते. गिरणीमालकांचा राग आणि मजुरांचा राग एकत्र आले तर धान्य कायद्यावर थांबणार नाहीत; लॉर्ड्सची सभा, जमिनीचे वारसाहक्क, सगळंच चर्चेला येईल. तेव्हा एक बुरूज सोडावा आणि किल्ला वाचवावा, हे पीलचं गणित होतं आणि त्याने ते फारसं लपवलंही नाही. जमीनदारांना समजूत म्हणून जमिनीच्या निचऱ्यासाठी सरकारी कर्ज देऊ केलं. तसंही अनेक मोठ्या घराण्यांचा पैसा एव्हाना रेल्वेच्या शेअर्समध्ये, खाणींत आणि शहरातल्या जागांत गेला होता. गव्हाचा भाव हेच त्यांचं सर्वस्व उरलं नव्हतं.

त्याचं गणित बरोबर ठरलं. रद्दीनंतर जवळपास पाव शतक गव्हाचे भाव कोसळले नाहीत. कोसळले ते १८७० नंतर, अमेरिकेतली रेल्वे आणि वाफेच्या बोटी यांनी गहू लोटायला सुरुवात केली तेव्हा. १८९४ मध्ये क्वार्टरचा भाव २३ शिलिंगांच्याही खाली गेला. तोवर जमीनदारांचं राज्य आणखी एक पिढी निवांत चाललं.

तर अकरा महिन्यांत बदललं काय? कायदा टिकवण्याची किंमत. ती किंमत लीगने सात वर्षं वाढवत नेली होती आणि करप्याने एका शरद ऋतूत कडेलोट केला. अन्याय्य कायदा अन्याय्य आहे म्हणून जात नाही. तो राखणं त्याच्या मालकांनाच परवडेनासं होतं, तेव्हा जातो.

नावं कुणाची, काम कुणाचं?

इथे कुणी म्हणेल, म्हणजे गिरणीमालकांचा कट होता तर. पाव स्वस्त झाला की मजुरी वाढवायला नको, एवढाच हेतू. चार्टिस्टांना हा संशय होताच. लीगच्या सभा त्यांनी उधळल्याही. मार्क्सनेही १८४८ च्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या भाषणात साधारण हेच सांगितलं. संशयाला आधारही होता. स्वस्त पावासाठी रान उठवणारा ब्राइट गिरणीत कामाचे तास दहावर आणणाऱ्या कायद्याच्या कडक विरोधात होता. तो कायदा १८४७ मध्ये झाला. त्यासाठी मतं देणाऱ्यांत पीलवर आणि गिरणीमालकांवर चिडलेले जमीनदारही होते. गरिबांची कणव दोन्हीकडे होती. फक्त दुसऱ्याच्या खर्चाने.

पण 'कट' म्हणणंही मला आळशीपणाचं वाटतं. स्वस्त पाव ही मजुरालाही हवी असलेली गोष्ट होती. हितसंबंध असले म्हणून मागणी खोटी ठरत नाही. माझी तक्रार दुसरी आहे.

मँचेस्टरमध्ये सेंट पीटर्स फील्ड नावाचं मैदान होतं. १६ ऑगस्ट १८१९ रोजी तिथे हजारो मजूर बायकापोरांसह जमले. मागणी होती मताचा हक्क; काही निशाणांवर धान्य कायद्यांचा निषेधही होता. घोडेस्वार तलवारी घेऊन गर्दीत घुसले. किमान १५ माणसं मेली, शेकडो जखमी झाली. हेच पीटरलू. त्याच जागेवर लीगने आपलं सभागृह उभारलं, आधी लाकडी, १८४३ मध्ये विटांचं: फ्री ट्रेड हॉल. मजुरांनी त्या मैदानावर मत मागितलं तेव्हा तलवारी मिळाल्या. चोवीस वर्षांनी गिरणीमालकांनी तिथे इमारत बांधली आणि तिला नाव दिलं व्यापाराचं. मत मिळायला त्या मजुरांच्या मुलांना अजून बराच काळ थांबावं लागलं.

भुकेल्यांनी कायदा मोडला नाही. त्यांच्या नावाने तो इतरांनी मोडला. आणि ज्याच्या नावाने काम होतं पण हातात काही येत नाही, त्याचं पुढे काय होतं ते १८४६ च्याच एका रात्रीत दिसतं.

२५ जूनची रात्र

२५ जून १८४६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने धान्य कायद्यांची रद्दी शेवटच्या वाचनात मंजूर केली. मनातून पटलेलं नसतानाही वेलिंग्टनच्या ड्यूकने लॉर्ड्सना रांगेत आणलं होतं. सडक्या बटाट्यांनी पीलला घाबरवून सोडलं, अशी त्याची कुरकुर प्रसिद्ध आहे.

त्याच रात्री कॉमन्समध्ये दुसरं विधेयक मतदानाला आलं. तेही आयर्लंडबद्दलच होतं. अशांत भागांत रात्रीची संचारबंदी लावायची, मोडणाऱ्यांना कडक शिक्षा करायची. एका सभागृहात आयर्लंडच्या नावाने पाव स्वस्त होत होता, दुसऱ्यात आयर्लंडलाच रात्री घरात कोंडण्याचा बेत चालला होता. ते विधेयक २९२ विरुद्ध २१९ असं पडलं. आयरिश लोकांवरच्या प्रेमाने नव्हे. धान्य कायद्यांच्या वेळी पीलच्याच पक्षातल्या दोन तृतीयांश खासदारांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं होतं. त्यांतल्या काहींनी डिझरायलीच्या बाजूने उभं राहून त्या रात्री सूड उगवला. चार दिवसांनी पीलने राजीनामा दिला. निरोपाच्या भाषणात त्याने श्रेय कॉबडेनला दिलं आणि करमुक्त पाव खाणारा कष्टकरी आपली आठवण ठेवील अशी आशा व्यक्त केली.

पुढे व्हिग सरकार आलं, आणि तेव्हा 'मुक्त व्यापार' ही मागणी न राहता तत्त्व झालं. आयर्लंडमधून धान्य बाहेर जातंय? जाऊ दे, व्यापारात ढवळाढवळ नको. सरकारने स्वस्त धान्य विकावं? नको, व्यापाऱ्यांचं नुकसान होईल. कोषागारात बसून हे राबवणारा अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेल्यन, ज्याची नोकरीची सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीत, हिंदुस्थानात झाली होती. उपाशी माणसांना खडी फोडायला आणि रस्ते बांधायला लावलं. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने अन्नछत्रं उघडली तेव्हा रोज सुमारे ३० लाख लोक तिथे जेवत होते. म्हणजे खाऊ घालणं अशक्य नव्हतं. शरद ऋतू आला आणि ती बंद केली. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली, आणखी १० लाखांहून अधिक देश सोडून गेली.

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर तीस वर्षं पुढे या. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. व्हाइसरॉय लिटन, त्याला नेमणारा पंतप्रधान कोण? तोच डिझरायली, जो मुक्त व्यापाराला विरोध करून मोठा झाला. लिटनचं धोरण होतं की धान्याचे भाव उतरवण्यासाठी सरकारने काहीही करायचं नाही. हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच राहिली. रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे, इथवर खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ही मजुरी माणूस जगवायला पुरत नाही हे कागदोपत्री दाखवून दिलं. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजात भाषण करताना बजावलं की इंग्लंडचं अर्थशास्त्र त्या देशाच्या आणि काळाच्या परिस्थितीतून आलेलं आहे, ते सगळीकडे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. दख्खनच्या माळावर जे दिसलं होतं, त्यानंतर हे बोलायला फार धाडस लागू नये. तरी ते कुणीतरी बोलावं लागलं.

मँचेस्टरमध्ये पाव स्वस्त करणारं तत्त्व सोलापूर-नगरकडे माणसं मरू देणारं कसं झालं? तत्त्व तेच होतं. फरक एवढाच की मँचेस्टरवाल्यांकडे पेनीचं टपाल होतं, अडीच लाख पौंडांची वर्गणी होती आणि मतदारयादीत नावं होती. मेयोच्या शेतमजुराकडे आणि सोलापूरच्या कुणब्याकडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून

मला मुक्त व्यापाराविरुद्ध लिहायचं नाही. धान्य कायदे वाईटच होते. त्या काळात असतो तर मीही त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटली असती. मला राग आहे तो या गोष्टीच्या साफसूफ केलेल्या आवृत्तीचा. योग्य मुद्दा मांडा, आकडे दाखवा, थोडा धीर धरा, शहाणी माणसं ऐकतील, असं ती सांगते. माझ्या पिढीला हे फार लवकर पटतं. आम्ही थ्रेड लिहितो, डेटा टाकतो, आलेख काढतो आणि मग कुणी काहीच का करत नाही म्हणून वैतागतो. आणि एखादा निर्णय मनासारखा झालाच, तर तो कुणाच्या सोयीने झाला आणि ज्यांच्या नावाने झाला त्यांच्या हातात काय पडलं, हे विचारायला विसरतो.

चार्ल्स व्हिलियर्स खूप जगला. १८९८ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी वारला तेव्हाही तो खासदारच होता. त्याच्या हयातीतच वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. १८३८ मध्ये त्याने मांडलेलं म्हणणं बरोबर होतं. १८४५ मध्ये तो १३२ मतांनी हरला, तेव्हाही ते तेवढंच बरोबर होतं.